सर्व ठीक असल्यास कार्ड येणार नाही

श्रमकल्याण रुग्णालय, चिंचवड
वॉर्ड नंबर ४
९ फेब्रुवारी १९७९

श्री. भिवा ओव्हाळ, मु. कुरुळी, ता. खेड, यांस,

आपण ता. २ रोजी उजव्या पायाला प्लास्टर घेऊन घरी गेलात, त्याला आठवडा झाला. खालील प्रश्नांची उत्तरे मुलाकडून लिहवून उलट टपाली पाठवावीत.

पायाच्या बोटांचा रंग कसा आहे? बोटे हलतात का? प्लास्टरला वास येतो का? परसाकडे जाताना कोण धरते? घराचा उंबरा वीतभर उंच असल्याचे सांगितले होते, तिथे चढायला दगड ठेवला का? दिवसा घरात कोण असते?

सर्व ठीक असल्यास पुढील कार्ड येणार नाही.

वासंती पेडणेकर
स्टाफ नर्स

---

कुरुळी
१२ फेब्रुवारी १९७९

वासंती सिस्टर,

जयभीम. मी जयसिंग, भिवा ओव्हाळांचा मुलगा. ओळखलं असेलच.

तुमचं कार्ड आमच्या पोस्टमननं, धोंडीबानं, सगळ्या आळीसमोर मोठ्यानं वाचलं. ‘परसाकडे जाताना कोण धरते’ इथं आल्यावर पोरं फिदीफिदी हसली. मी कार्ड हिसकावून घेतलं आणि धोंडीबाचं आणि माझं चांगलंच वाजलं. आता तो म्हणतो, तुमच्या दारात पाय ठेवणार नाही, टपाल चावडीवर टाकीन, तिथनं न्या. नेईन. त्यात काय.

पण कार्डावर मी चिडलेलो नाही. उलट मला काय झालंय तेच कळत नाही. आमचा उंबरा वीतभर उंच आहे हे मी तुम्हाला फक्त एकदा बोललो होतो. आणि तुम्ही ते चिंचवडात बसून आठवडाभर लक्षात ठेवलंत! दोन वर्षं ज्या कॉलेजात गेलो तिथल्या एकाही सरांना माझं गाव कोणतं ते ठाऊक नव्हतं. एकानं मात्र भर वर्गात ‘फ्रीशिपवाल्यांनी उभं राहा’ म्हटलं. मी उभा राहिलो तो सरळ दाराबाहेरच गेलो, परत गेलो नाही. सेकंड इयर तिथंच राहिलं. हे तुम्हाला का सांगतोय मला माहीत नाही.

आबांना घरी आणायच्या दिवशी तुम्ही सगळं समजावून म्हणालात, “आता हेच मला तुमच्या शब्दांत सांगा.” माझ्या शब्दांत! मी काय सांगितलं ते आठवत नाही. तुमच्या टोपीची पिन डाव्या बाजूला वाकडी होती, ते आठवतं.

आता आबांचं. दगड ठेवला आहे. दिवसा आई, म्हणजे जाईबाई, घरात असते. बोटांचा रंग बरा म्हणायचा, पण थोडी सूज असावी असं वाटतं. सर्व ठीक आहे असं काही मला छातीठोकपणे लिहिता येत नाही. तरी पुढचं कार्ड जरूर पाठवावं.

आपला,
जयसिंग ओव्हाळ

---

चिंचवड
१४ फेब्रुवारी १९७९

श्री. ओव्हाळ यांस,

सूज किती आहे ते लिहिलेले नाही. पाय दोन उशांवर उंच ठेवावा. बोटे निळी, गार किंवा बधिर वाटल्यास वाट न पाहता त्याच दिवशी आणावे. तसे नसल्यास मंगळवार ता. २० रोजी सकाळी नऊला ओपीडीत दाखवावे.

वा. पेडणेकर

---

कुरुळी
२१ फेब्रुवारी १९७९

वासंती सिस्टर,

तुम्ही मंगळवारी बोलावलंत, मी आलो. पहाटेची एसटी पकडली, नाशिक फाट्याला उतरलो, तिथून पायी. इस्त्रीचा शर्ट होता. साडेआठलाच हजर.

तिथं तुमच्या सरूबाई आया होत्या. म्हणाल्या, “पेशंट कुठाय?”

म्हटलं, “घरी.”

“मग प्लास्टर कुणाचं बघायचं, तुमचं?”

मी म्हटलं, मला सिस्टरनी बोलावलंय. त्या म्हणाल्या, “सिस्टर पायाला बोलावत्यात बाबा, माणसाला न्हाई. पाय घिऊन ये.” आणि सगळी रांग हसली. सिस्टर, मी हात उचलणार होतो, पण बाई माणूस, म्हणून गप्प बसलो. तुम्ही वॉर्डात होता म्हणे, आणि नातेवाइकाला दुपारी चारपर्यंत वर सोडत नाहीत म्हणे. बारापर्यंत जिन्याखाली थांबलो. तुम्ही खाली आला नाहीत. बोलवायचं आणि यायचं नाही, याचा अर्थ मी काय घ्यायचा? दोन्ही अर्थ घेऊन पाहिले, दोन्ही लागत नाहीत.

आबांना काल जरा ताप होता. सूज आहेच. पुन्हा कधी येऊ ते कळवा.

जयसिंग

---

श्रमकल्याण रुग्णालय, चिंचवड
२३ फेब्रुवारी १९७९

श्री. जयसिंग ओव्हाळ यांस,

तुमचं २१ तारखेचं पत्र माझ्या टेबलावर आहे. आधीचंही आहे. घरी गेलेल्या रुग्णांकडून येणारी सगळी उत्तरं माझ्याकडेच येतात. मी इथली असिस्टंट मेट्रन. रुग्ण इथून बरा होऊन जातो की नुसताच घालवून दिला जातो, हे पाहणं माझं काम आहे. नर्सनं घरच्यांना काय शिकवलं आणि घरच्यांनी त्यातलं काय केलं, हे मी प्रत्येक उत्तरावरून तपासते.

तुमच्या वडिलांना सूज आहे, ताप आहे, आणि बोलावलेल्या दिवशी तुम्ही त्यांना आणलं नाहीत. प्लास्टरमधल्या पायाला सूज आणि ताप म्हणजे काय, हे घरी जाताना तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही असे एकटे जिन्याखाली उभे राहिला नसता. म्हणजे सांगण्यात काहीतरी कमी राहिलं. सांगणं सिस्टर पेडणेकरांकडे होतं. त्यांची नेमणूक ३१ मार्चपर्यंत तात्पुरती आहे. पुढे त्यांना कायम करायचं की नाही यावर मला लिहायचं आहे, आणि तुमची ही दोन पत्रं त्यांच्या विरोधात जातात.

मला एवढंच कळवा: बोटांबद्दल काय पाहायचं, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का? आणि वडिलांना हे पत्र मिळताच घेऊन या.

प्रभावती उजगरे

---

कुरुळी
२५ फेब्रुवारी १९७९

मेट्रनबाई,

तुमचं पत्र वाचलं. एकदा वाचलं, फाडायला घेतलं, पुन्हा वाचलं. विरोधात? माझी पत्रं? वासंती सिस्टरच्या विरोधात? बाई, तुम्ही मराठीच वाचता ना? माझ्या दोन्ही पत्रांत त्यांच्याविषयी वाईट असा एक शब्द दाखवा, मी मिशी काढून देतो!

माझं स्पष्ट मत आहे की एखादी नर्स माणसाशी माणसासारखं बोलते हे तुमच्यासारख्या टेबलावर बसणाऱ्यांना खुपतं. सांगितलं होतं का म्हणून काय विचारता? सगळं सांगितलं होतं. तासभर सांगत होत्या. वॉर्डात इतकी माणसं खोळंबली होती तरी माझ्याशीच बोलत होत्या. असं कोण करतं? त्यांना कमी केलंत, तर मी कुरुळी-चाकणची वीस पोरं घेऊन गेटवर येईन. आमची पोरं भोसरीतल्या संपात तयार झालेली आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

ओव्हाळ

---

चिंचवड
२७ फेब्रुवारी १९७९

श्री. ओव्हाळ यांस,

वीस पोरं आणा. पण वडिलांना आणा की. चार ओळी मला धमकी दिलीत, ताप उतरला का हे एका शब्दानं लिहिलं नाहीत.

तुमच्या पत्रानं गोंधळ वाढला. २ तारखेला या वॉर्डातून सात जण घरी गेले. तुम्हाला तासभर दिला असेल, तर बाकीच्या सहांना काय सांगितलं, हा मला नवाच प्रश्न पडला आहे. आणि तासभर सांगूनही तुम्ही वडिलांशिवाय ओपीडीत येता, तर तो तास गेला कुठे? सिस्टर पेडणेकरांना बोलावून विचारलं. म्हणाल्या, “मी नीट शिकवलं आहे.” कोणाला, असं विचारल्यावर गप्प राहिल्या. शिकवलेलं सगळं केसपेपरवर लिहायचा नियम आहे, पण तुमच्या वडिलांचा केसपेपर भोसरीच्या कारखान्यातल्या अपघाताच्या चौकशीसाठी बाहेर गेला आहे. तोंडी बोलण्यावर मी शेरा लिहीत नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगते, कारण तुमचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. कार्डावरचे प्रश्न माझे आहेत. चार वर्षांपूर्वी तळेगावकडचा एक सुतार असंच प्लास्टर घेऊन घरी गेला. बोटं काळी पडली. त्याला वाटलं, प्लास्टरात पडत असतील. काय पाहायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वॉर्ड माझा होता. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर मी बसून हे प्रश्न लिहिले. उंबऱ्याचा प्रश्न सगळ्यांना असतो. उंची वहीत लिहिलेली असते, नर्स तिथून कार्डावर उतरवते.

गुरुवार ता. १ मार्चला मी स्वतः कुरुळीला येत आहे. वडिलांना झोपवून ठेवा.

प्र. उजगरे

---

कुरुळी
२ मार्च १९७९

मेट्रनबाई,

तुमचं उत्तर येईना, म्हणून काल गुरुवारी मीच चिंचवडला आलो, तुम्हाला समोरासमोर जाब विचारायला. वीस नाही, एकटाच. तुमच्या दाराला कुलूप. सरूबाई म्हणाल्या, “बाई कुरुळीला गेल्या, कुण्या पायाकडं. तू त्योच न्हवं का?” मला काही उमजेना. तुम्ही माझ्या घरी आणि मी तुमच्या दारात! परत पोचलो तेव्हा तुम्ही गेला होता. चावडीवर पाहिलं तर तुमचं पत्र बुधवारपासून पडलेलं. धोंडीबाशी भांडलो नसतो तर वेळेवर मिळालं असतं.

तुम्ही काय म्हणालात ते आई सांगत नाही. नुसती हसते. आबा म्हणतात, “बाई लई कडक, पण चांगल्या.” पुढं काही नाही. घरात सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि मला नाही, असं मला कालपासून वाटतंय.

तुमचं पत्र रात्रीपासून किती वेळा वाचलं ते सांगत नाही. उंबरा सगळ्यांना विचारतात. सगळ्यांना! खेडच्या, आळंदीच्या, मोशीच्या, ज्याचा म्हणून पाय मोडेल त्या प्रत्येकाला. मग इतके दिवस मी उत्तरं कोणाला देत होतो?

आता खरं लिहितो. सूज नव्हती. ताप नव्हता. कार्डावर लिहिलं होतं, सर्व ठीक असल्यास पुढील कार्ड येणार नाही. मला कार्ड यायला हवं होतं. म्हणून ठीक लिहिलं नाही. एवढंच आहे. माझ्या एका ओळीनं त्यांची नोकरी हलेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं जागेवर नव्हतं. आणि तासभर नव्हे, मला वाटतं दहा मिनिटं असतील. मला तासभर वाटली.

याहून वाईट म्हणजे, सूज आहे असं लिहिलं त्या दिवशी मी आबांची बोटं पाहिलीच नव्हती. सूज नाही हेही मला ठाऊक नव्हतं. काल तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा कंदील घेऊन पायाशी बसलो. त्या सुताराचं डोक्यात होतं. आबा म्हणाले, “काय रं, आज काय शोधतुयास?” बोटं गुलाबी होती.

वासंती सिस्टरना काढू नका. त्यांचा काही दोष नाही. माझ्या नावावर काय लिहायचं ते लिहा, पोलिसात द्या, मी सही करतो. मागच्या पत्रातलं सगळं मागं घेतो, मिशीचं सोडून. ती काढली.

जयसिंग ओव्हाळ

---

चिंचवड
५ मार्च १९७९

श्री. जयसिंग ओव्हाळ यांस,

दोनदा खोटं लिहिणाऱ्यानं तिसऱ्यांदा लिहिलेलं खरं मानायला मी बांधील नाही. कोणाला वाचवायला माणूस खोटी कबुलीही देतो. म्हणून तुमचं पत्र मी फाईलला लावलेलं नाही. त्याची गरजही पडली नाही.

गुरुवारी तुमच्या घरी आले तेव्हा तुमचे वडील पाय दोन उशांवर ठेवून पडले होते. मी तुमच्या आईंना म्हटलं, “बोटांचं काय पाहता?” त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. अंगठ्याचं नख दाबलं, पांढरं झालं, सोडलं, गुलाबी झालं. म्हणाल्या, “हे सकाळी आन् दिवं लागायच्या वक्ताला. गुलाबी याया उशीर लागला तर बैलगाडी, न्हाईतर येष्टी, न्हाईतर पाठुंगळी, पण त्याच दिशी.” प्लास्टरची कड कुठे घासते, खाज आली तर आत काडी का घालायची नाही, सगळं न अडखळता सांगितलं. हे त्यांना कोणी शिकवलं, विचारलं. म्हणाल्या, “त्या बारक्या शिस्टरनी. पोरगं रिक्षा बघाया गेलं तवा मला जिन्यापाशी घेतलं आन् तीनदा करून दावाया लावलं.”

परत आले तो केसपेपरही आला होता. २ तारखेचा शेरा सिस्टर पेडणेकरांच्या अक्षरात आहे. जसाच्या तसा लिहिते: ‘मुलास सूचना दिल्या. मान हलवतो, पण लक्ष नाही, एकही सूचना परत सांगता आली नाही. मुलावर अवलंबून राहू नये. पत्नीस स्वतंत्र शिकवले. पत्नीने तीन वेळा बरोबर करून दाखवले.’

तीस वर्षांच्या नोकरीत मी याहून चांगला डिस्चार्जचा शेरा पाहिलेला नाही. कायम करावं अशी शिफारस आज मेट्रनबाईंकडे दिली.

त्या माझ्यासमोर गप्प का राहिल्या, तेही तुम्हाला कळायला हवं. पत्नीला का शिकवलं हे सांगायचं, तर मुलाचं लक्ष कुठे होतं हे सांगावं लागलं असतं. आणि असं काही बोललं की ठपका मुलीवरच येतो, तूच काहीतरी केलं असशील म्हणून. ती हे जाणते. मी पंचविशीत होते तेव्हापासून मीही जाणते. नोकरी जाईल तरी चालेल, पण ते नको, असं तिनं ठरवलेलं असावं. तुम्ही त्या गप्प बसण्याचा तिसराच कुठला अर्थ घेण्याआधी हे लिहून ठेवते.

यापुढे कार्ड तुमच्या आईंच्या नावे येईल. त्यांना वाचून दाखवा. त्या सांगतील ते लिहा.

प्र. उजगरे

---

चिंचवड
२० मार्च १९७९

सौ. जाईबाई ओव्हाळ यांस,

प्लास्टर काढण्याची तारीख १० एप्रिल, सकाळी नऊ. तोपर्यंत पायावर भार देऊ नये. बोटांचा रंग, कडेची जखम, झोप, याबद्दल कळवावे. कुबड्या घेऊन किती पावले चालतात?

सर्व ठीक असल्यास पुढील कार्ड येणार नाही.

वासंती पेडणेकर
स्टाफ नर्स

---

कुरुळी
२३ मार्च १९७९

शिस्टरबाईस्नी जाईबाईचा जयभीम.

कारड पोचलं. धोंडीबा आता दारात आनून देतो, माझं नाव हाय म्हनून. पोरानं वाचून दावलं, त्योच हे लिहितो, मी भाकरी थापता थापता सांगती.

बोटं गुलाबी हायती. कडंला जरा घासत हुतं, तितं तुमी सांगितल्यावानी कापूस घातला, आता न्हाई घासत. झोप चांगली लागती, घोरनं मागच्यावानीच हाय, त्याला तुमी तरी काय करनार. कुबड्यांवर उंबऱ्यापातुर जात्यात आन् माघारी येत्यात, समदी मिळून चाळीस पावलं. भार देत न्हाईत. देऊ लागलं की मी वरडती.

तुमची नोकरी पक्की झाली आसं मोठ्या बाईंनी कळवलं. लई बरं वाटलं. पोराला सांगितलं तवा त्यो परड्यात गेला आन् लाकडं फोडत बसला, लई येळ. आता भोसरीला कामाला जातोय, आबाच्याच खात्यात. सकाळी जायच्या आधी पायाशी बसतो, नख दाबून बघतो, मग जातो. मी त्याला शिकवलं. पयल्या दिशी चुकला, आता बराबर करतो.

धा तारखंला मी घिऊन येते. त्यो येनार न्हाई म्हनतोय, पाळी हाय.

समदं ठीक हाय. आता कारड न्हाई आलं तरी चालंल.

खाली दोन बोटं जागा उरलीया. पोरगा इचारतोय, मी माझं कायतरी लिहू का. मी म्हनलं, न्हाई. मग ऱ्हाऊ दे म्हनाला. तशीच मोकळी ठेवलीया.

जाईबाई भिवा ओव्हाळ